बाहेरच्या लाईनसाठी शून्य दाबा

११ नोव्हेंबर, सोमवार
ऑफिसात टेलिफोनचं नवीन मशीन बसलं. बारा एक्स्टेन्शन. पांढुर्ण्याहून गौतम नावाचा टेक्निशियन आला होता. वायरी जोडून झाल्यावर म्हणाला, प्रोग्रॅमिंगला अर्धा दिवस लागेल, कोणता फोन कुठं वाजवायचा तेवढं सांगा. त्याला चहा पाजून परत पाठवलं. मॅन्युअल इंग्रजीत आहे, मला इंग्रजी येतं. विषय संपला.

मॅनेजरची खुर्ची दिवाळीपासून रिकामी आहे. आमचे शेठजी केशवराव, संत्रा पॅकिंगमध्ये सौंसरात त्यांचं नाव आहे, ते म्हणाले, दत्तूभाऊ, सीझन पाहून ठरवू. मी एकोणीस वर्षं सीनियर क्लार्क आहे. सीझन पाहू म्हणजे मला पाहू, एवढं कळतं मला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार, स. ११
मॅन्युअल चौथ्या पानापर्यंत वाचलं. पुढं जायची गरज वाटली नाही.

दु. ४
बाराही फोन एकदम वाजले. सगळ्यांनी उचलले, सगळे एकमेकांना हॅलो म्हणत राहिले. डिस्पॅचमधली प्रणाली नावाची पोरगी विचारायला आली, सर, काय होऊन राहिलं? म्हटलं, टेस्टिंग.

१३ नोव्हेंबर, बुधवार
आज शिस्त लावली. बाहेर फोन करायचा तर शून्य दाबायचा. तो फोन मॅनेजरच्या टेबलावर वाजेल. मॅनेजर काम विचारून लाईन देईल. सध्या तिथं कोणी बसत नसल्यामुळं कोणालाच लाईन मिळत नाही. शेठजी नाराज वाटले. मोठी माणसं बदलाला वेळ घेतात.

येणाऱ्या फोनसाठी माझ्या आवाजात रेकॉर्डिंग केलं. ‘संत्र्याच्या भावासाठी एक दाबा, गाडीसाठी दोन दाबा.’ सात वेळा केलं. सातव्यांदा आवाज रेडिओसारखा आला. जो काहीच दाबणार नाही त्याचा फोन आपोआप स्पीड डायल ०१ वर जाईल. ०१ म्हणजे शेठजींचा मोबाईल. सध्या तिथं टेस्टिंगपुरता आमच्या घरचा नंबर टाकून ठेवला, इंटरनेटसोबत फुकट आलेला तो फोन. उद्या बदलतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
दिवसभरात ऑफिसात एकही फोन वाजला नाही. ऐन तोडणीच्या दिवसांत अशी शांतता मी पाहिली नव्हती. सिस्टिम आतल्या आत काम करून राहिली. प्रणालीला तसं समजावलं.

घरी आलो तर बायकोची, मंगलाची, कटकट. म्हणे, आज फोन खाली ठेवायले सवड नाही भेटली. सोलर पॅनलवाले असतील, म्हटलं. ती म्हणे, पॅनलवाले संत्र्याचे कॅरेट काहून मागतील? मी तेव्हा मॅनेजरच्या केबिनचा पडदा कोणत्या रंगाचा असावा ते पाहून राहिलो होतो. नीट ऐकलं नाही.

संकल्प : घरी ऑफिसचा विचार करायचा नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
आजही शांतता. ०१ बदलायचं राहिलं. पडदा निळा.

मंगलानं भिंतीवरचं कॅलेंडर पेनानं भरून टाकलं आहे. गाड्यांचे नंबर, वेळा, कोणाकोणाची नावं. बायकांच्या भिशीत हल्ली काय काय चालतं कोण जाणे. विचारलं नाही. संसारात थोडी मोकळीक द्यावी.

१६ नोव्हेंबर, शनिवार
रजा टाकून जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो. मॅनेजरपदासाठी नाही, असंच. मोबाईल बंद ठेवला. देवासमोर तेवढी शिस्त पाहिजे.

१८ नोव्हेंबर, सोमवार
लिहावंसं वाटत नाही. तरी नोंद पाहिजे.

शेठजींनी केबिनमध्ये बोलावलं. रायपूरचा व्यापारी, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, स्वतः येऊन बसला होता. मला वाटलं, रेकॉर्डिंगबद्दल आला. तो म्हणाला, बाईंना भेटायचं आहे. कोणत्या बाई, शेठजींनी विचारलं. तो म्हणाला, फोनवरच्या. शनिवारी गाडी पाठवतो म्हटलं तर त्या म्हणाल्या, परवा पाऊस झाला, माल ओला आहे, रस्त्यात सडेल, बुधवारी पाठवा. एकोणीस वर्षांत तुमच्याकडून खरं बोलणारं पहिलं माणूस भेटलं, म्हणे.

शेठजींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, सिस्टिम. शेठजींनी गौतमला बोलावलं. तो म्हणाला, एक आणि दोन कुठं जोडलेच नाहीत, सगळे फोन ०१ वर जातात. त्यानं दोन बटनं दाबून ०१ चा नंबर मोठ्यानं वाचला. प्रणाली म्हणाली, हा तर सरांच्या घरचा आहे. तिचं पाठांतर फार चांगलं आहे. कधी कधी नको तिथं.

संध्याकाळी शेठजी स्वतः आमच्या घरी आले. कॅलेंडर भिंतीवरून काढून दिव्याखाली धरलं आणि एकेक ओळ वाचली. चाळीस फोन, अकरा गाड्या, एकही चूक नाही. मंगलाचं माहेर संत्र्याच्या बगीच्याचं आहे हे मला ठाऊक होतं. पण असं उपयोगी असेल असं वाटलं नव्हतं. शेठजींनी विचारलं, ताई, ऑफिसात याल का? ती माझ्याकडं पाहत म्हणाली, यांले इचारा. मी विचार करून राहिलो होतो, तेवढ्यात ती म्हणाली, येते.

२० नोव्हेंबर, बुधवार
मी मॅन्युअल पूर्ण वाचायला घेतलं. आता उपयोग नाही, पण अभ्यास थांबू नये.

२ डिसेंबर, सोमवार
मंगला मॅनेजरच्या टेबलावर बसते. आम्ही एकाच बसनं येतो. उतरल्यावर ती पुढं चालते. माझा डबा आता मीच भरतो. भाजी तीच करते, तेवढं पद अजून शाबूत आहे.

आज ठरवलं, हे सासरेबुवांच्या कानावर घालायचं. सकाळच्या गडबडीत मोबाईल घरीच राहिला होता. शून्य दाबला. मंगलानं विचारलं, कोणाले लावू? म्हटलं, तुझ्या बाबाले. काम काय हाय? म्हटलं, तुझी तक्रार करायची आहे. तिनं लावून दिला.

सासरेबुवा फार खूश होते. मला बोलू देईनात. म्हणाले, आमची पोरगी तीस वर्षं घरात बसली, कोणाच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही नोकरी लावून दिली, पोरीनं सांगितलं. सगळ्या गावाले सांगून राहिलो, जावई असावा तर असा.

मी हो म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.