दुसरी कडक भट्टी

रविवार, २ मार्च

फुटलं! तिसरं!

नेहमीसारखा फोन केला होता. दर रविवारचं ठरलेलं – तब्येत कशी, पाणी येतंय का, भांडं वापरतेस ना. सूनबाईऐवजी मुलाने उचलला. काल ओव्हनमधून काढताना मी घडवलेलं मातीचं मोठं खोलगट भांडं तिच्या हातातच दुभंगलं. आतलं उकळतं सगळं डाव्या पावलावर. डॉक्टरांनी पट्टी बांधलीय. "घाबरू नकोस आई, वरवरचं आहे."

आणि मी पहिलं काय विचारलं? "ओल्या ओट्यावर ठेवलं का?" पाऊल नंतर विचारलं. लिहितानाही लाज वाटते आहे.

सोमवार, ३ मार्च

डोकं चालत नाही. दुकानातून लोक हीच भांडी नेतात. तीच माती, तेच चकाकीचं ग्लेझ, तीच भट्टी, हात माझेच. आजवर एक तक्रार नाही! उलट घरच्या भांड्यांची मी जास्त काळजी घेते. गिऱ्हाइकाचं भांडं ग्लेझ लावून एकदा कडक भट्टीत गेलं की झालं. घरच्यांचं मात्र पुढच्या फेरीला पुन्हा आत जातं, खालच्या फळीवर, जिथे आच सगळ्यात जास्त. शिवाय त्या फेरीला मी सर्वांत जास्त तापमान बराच वेळ धरून ठेवते. पोटच्या पोराच्या घरी कच्चंपक्कं कसं द्यायचं?

म्हणजे जी दुप्पट पक्की, तीच फुटतात. आणि तिन्ही वेळा शनिवारीच! हे म्हणाले, "शनिवारी काय मुहूर्त असतो का?" यांना प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो. मला वाटतं, आठवड्याची सगळी कामं ती शनिवारी उरकते, घाईत करते. फ्रिजमधलं भांडं तसंच ओव्हनमध्ये सारत असणार.

बुधवार, ५ मार्च

विचारलं. विचारायला नको होतं.

"अगं, फ्रिजमधून काढून लगेच घातलंस का?"

"नाही, आई."

"मग दुकानातली एवढी भांडी लोकांकडे टिकतात, तुझ्याच हातात कशी फुटतात?"

ती हळूच म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल." भांडली असती तर बरं झालं असतं! मलाही चार शब्द बोलून मोकळं होता आलं असतं. फोन ठेवला तर हे समोर उभे. त्यांनी चहा स्वतःपुरता करून घेतला.

रविवार, ९ मार्च

फोन मुलानेच घेतला. "ती झोपलीय." भर दुपारी! आणि मग, "आई, आता भांडी पाठवू नकोस. आम्ही काचेचं आणलंय."

काचेचं. माझ्या सुनेच्या घरात.

जेवले नाही. यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, भूक नाही. खरं सांगायचं तर भांड्यांचं दुःख नव्हतं. पहिलं वर्षभर ती माझ्याशी पाहुण्यासारखी वागायची. आता कुठे मोकळी बोलायला लागली होती, आईशिवाय हाक नव्हती. तो आवाज मला ऐकायला येईनासा होईल, ही भीती आहे. एका भांड्यापायी!

सोमवार, १० मार्च

मातीवाल्याला फोन करून झापलं. तो म्हणे, "ताई, माती तीच आहे हो, बाकी कोणाचंच काही फुटलेलं नाही." ग्लेझ पाहिलं. ठीक. भट्टीचा तापमानमापक तपासला. ठीक. सगळंच ठीक, मग फुटतं काय माझं नशीब?

मंगळवार, ११ मार्च

आज एक केलं. आमच्याच ओव्हनमध्ये दोन भांडी ठेवली, रिकामी. एक विक्रीच्या फळीवरचं, एक घरच्यांसाठी काढून ठेवलेलं. आच हळूहळू वाढवली. दोनशेच्या पुढे काटा गेला आणि – टिंग!

दार उघडलं. घरचं फुटलं होतं. बुडापासून काठापर्यंत केसाएवढी रेघ. विक्रीचं शाबूत.

घरचं दुसरं लावलं. टिंग! हेसुद्धा पेपर ठेवून उठून आले.

इथे फ्रिज नाही, ओला ओटा नाही, घाई नाही, सूनबाई तर नाहीच नाही. तिचं काही चुकत नव्हतं! पण मग भांड्याचं काय चुकतंय? जास्त भाजलेलं आधी फुटतं, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

गुरुवार, १३ मार्च

मास्तरीणबाईंकडे गेले. मैत्रीण माझी, टाइल्सच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायची. शिकवायची खोड पहिल्यापासून, म्हणून हे नाव. दोन्ही भांडी तिच्या टेबलावर ठेवली. तिने फुटलेलं उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "किती वेळ ठेवतेस गं आचेवर?"

सांगितलं. दुसऱ्या फेरीचंही सांगितलं, जरा मिरवूनच. तिने कपाळाला हात लावला.

मग जे म्हणाली ते जमेल तसं लिहून ठेवते. मातीत वाळू असते, म्हणजे सिलिका. तापवली की तिच्या कणांची आतली मांडणी बदलते. एक बदल पाचशे त्र्याहत्तर अंशांना होतो, तिथे कण एकदम फुगतात. तो मला माहीत आहे, म्हणून तर भट्टी सावकाश निववतो आपण. पण फार कडक आचेवर फार वेळ ठेवलं, की सिलिकेचं आणखी एक रूप तयार होतं. क्रिस्टोबलाइट. पहिल्या कडक फेरीत चिमूटभर, दुसऱ्या फेरीत पुष्कळ. आणि ते बेटं दोनशे वीसच्या आसपास उडी मारतं. तापताना फुगतं, निवताना आकसतं, आणि भोवतीच्या मातीला तडा जातो.

"दोनशे वीस म्हणजे भट्टी नव्हे बाई, ते स्वयंपाकघर झालं!"

"पण वितळलं नाही, त्यात काही घातलं नाही. वजन तेच. मग बदललं काय?"

"सांगते काय मघापासून? मांडणी."

"मांडणी म्हणजे?"

ती उठली आणि चार खुर्च्या ओढून वेगळ्या लावल्या. "खुर्च्या त्याच ना? खोली तीच ना? आता ते दार उघडून दाखव."

खुर्ची आड आली, उघडेना. हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "म्हणजे जेवढी काळजी घेतली, तेवढं..." तिने वाक्य पुरं करू दिलं नाही. चहा घे म्हणाली.

घरी येऊनही खुर्च्यांकडेच बघत बसले. भाजलं की पक्कं होतं, एवढं एकच मला आयुष्यात नक्की ठाऊक होतं.

शुक्रवार, १४ मार्च

घरच्यांसाठी ठेवलेली सगळी भांडी फोडली. हे म्हणाले, निदान कुंड्या तरी करायच्या. नको.

शनिवार, १५ मार्च

फोन तीनदा हातात घेतला, तीनदा ठेवला. "फोनवर नको," हे म्हणाले. "उठ आणि जा."

विक्रीच्या फळीवरचं एक भांडं कागदात गुंडाळून पिशवीत घातलं आहे. एकदाच कडक भट्टी लागलेलं. उद्या जाते.

रविवार, १६ मार्च

जाऊन आले. सगळं सांगितलं – तुझी चूक नव्हती, दुसऱ्या भट्टीची चूक माझी. पट्टीचं पाऊल स्टुलावर ठेवून तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, पहिलं फुटलं तेव्हाच मी ठरवलं होतं, या भांड्यांना ओव्हन दाखवायचा नाही. नुसती मांडून ठेवायची. पण तुम्ही दर रविवारी विचारायचात, भांडं वापरतेस ना. मला खोटं बोलता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी, शनिवारी, एकदा ओव्हनमध्ये लावायचे, जीव मुठीत धरून."

पिशवीतलं भांडं बाहेर काढलंच नाही. परत घेऊन आले.