नकाशाबाहेरची नदी

हिल्सबरो, ऑकलंड
रविवार दुपार

प्रिय वल्लरी,

गेल्या आठवड्यात तू मला एक नकाशा पाठवलास आणि खाली लिहिलंस, 'दादा, यात खोट काय आहे ते तूच सांगू शकशील. कुणी केलाय हेही कळतं का बघ. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, वकिलांना लवकर सांगायचंय.' मी फोनवर दोन ओळी खरडल्या, की नकाशा बरोबर दिसतोय आणि कुणी केला ते कळणं शक्य नाही. त्यावर तुझं नुसतं 'बरं' आलं. ते माझं उत्तर रद्द समज. आज तुझी कांचनवहिनी इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली आहे, घरात मी एकटा आहे, म्हणून टेबल पुसून, नीट कागद घेऊन बसलोय. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. माझं अक्षर तुला लागतं, ते एक बरं आहे.

आधी मला सगळं नीट समजलंय का ते सांगतो. चुकलं तर दुरुस्त कर. तू राहतेस त्या ईशान्येतल्या गावाहून बोटीनं तासाभरावर नदीच्या पात्रात एक बेट आहे, तुम्ही लोक त्याला चर म्हणता. हा कुसुमचर. तिथे बंगाली बोलणारी मुसलमान कुटुंबं राहतात, आणि तू नर्स आहेस ती दवाखान्याची बोट दर बुधवारी तिथे लागते. पलीकडच्या डोंगरातल्या लोकांचं म्हणणं, ही माणसं अलीकडे सीमा ओलांडून आलेली आहेत. त्याला पुरावा हा उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला नकाशा. डावीकडे सात वर्षांपूर्वीचं बेट, नुसती वाळू आणि गवत. उजवीकडे गेल्या वर्षीचं तेच बेट, चमकत्या पत्र्यांनी भरलेलं. डोंगरातल्या बंदूकवाल्या पोरांनी हाच नकाशा पत्रकावर छापला आणि खाली 'बेट रिकामं करा' म्हणून मुदत घातली. मुदतीनंतर गोळ्या झाडल्या. चरावरच्या तुझ्या जोहराबाईंचा दीर बोटीत घराचे पत्रे चढवत असताना गेला. आता सरकार ठरवणार, की उरलेल्यांना राहू द्यायचं की उठवायचं, आणि तिथेही पुढे केला जाणार तो हाच कागद. तो टिकला तर ती माणसं उठली. असंच ना?

आता नकाशाबद्दल. करणारा माणूस अडाणी नाही, हे आधी मान्य कर. दोन्ही चित्रं त्यानं माघ महिन्यातली घेतली आहेत, म्हणजे पाण्याची पातळी सारखी. मोजपट्टी अचूक आहे, मी ताडून पाहिली. एकेका छपरावर ठिपका हातानं ठेवलाय. गवताच्या गंज्या, होड्यांची ताडपत्री, तागाच्या काड्यांचे भारे, सगळं वेगळं काढलंय. डिग्रीवाला इंजिनियर एवढं करत बसत नाही, संगणकाला सांगतो आणि कॉफी प्यायला जातो. म्हणून वकिलांना सांग, ठिपक्यांवर वाद घालू नका. ठिपके खरे आहेत. त्यावर भांडलात तर हराल.

खोट चौकटीत आहे. नकाशाची वरची कड बघ. ती जिथे संपते, तिथून वर, नदीच्या उगमाच्या बाजूला दोनेक मैलांवर, आणखी एक बेट होतं. सात वर्षांपूर्वीच्या चित्रात ते पत्र्यांनी गच्च भरलेलं दिसतं. गेल्या वर्षीच्या चित्रात तिथे पाणी आहे. मधल्या पुरांमध्ये नदीनं ते खाल्लं. माणसांनी घरं सोडवली, पत्रे बोटीत घातले आणि खाली कुसुमचरवर पुन्हा उभे केले. जस्ताचा पत्रा वर्षानुवर्षं चमकतो, तेव्हा चमकतं ते छप्पर नवंच असेल असं नाही. माणसं तीच, छपरं तीच, जागा तेवढी बदलली. नकाशात वरचं बेट आलं असतं तर हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. पण जुन्या चित्रात त्या कोपऱ्यात धुक्याचा पट्टा होता, कागद आडवा होता, आणि छपाईत तो भाग घाण दिसत होता. म्हणून कापला. आणखी चार दिवसांनंतरचं, धुकं नसलेलं चित्रही उपलब्ध होतं, ते भरलेलं बेट त्यातच दिसतं. वकिलांसाठी दोन्ही चित्रं, अख्ख्या नदीसकट, वेगळी पाठवतोय. तारखा आणि कुठून उतरवली तेही लिहिलंय. कुणीही ताडून पाहावं.

आणि हे मला कळायला हवं होतं. तुला आठवतं का, इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी तुला एक फोटो पाठवला होता? पुकेकोहेला भाजी आणायला गेलो होतो. रस्त्याकडेला लांबलचक ट्रकवर एक अख्खं लाकडी घर उभं होतं, पडद्यांसकट. इथे घर पसंत असलं आणि जागा नकोशी झाली, तर घरच उचलून नेतात. मी लिहिलं होतं, 'बघ, इकडे घरं प्रवास करतात.' तू लगेच उलट फोटो धाडलास, होडीत रचलेले पत्रे, त्यावर बसलेली कोंबडी आणि एक म्हातारी. 'आमच्याकडेही,' एवढंच लिहिलं होतंस. मी हसलो होतो. कांचनलाही दाखवला होता. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. तूच सांगितलं होतंस.

एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल, किंवा आधीच आलं असेल. तरी क्रमानं सांगतो, मला तसंच जमतं.

इथे मंडळात शनिवारी व्याख्यानं होतात. माउंट रॉस्किलचा हॉल, चहा, बटाटेवडे आणि कुणीतरी स्लाइड दाखवणार. बोलणारे सगळे शिकलेले. कुणी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, कुणी बँकेची सॉफ्टवेअर सांभाळणारा. मी खुर्च्या लावणारा. तुला माहीत आहे, पाटबंधारे खात्यात इंजिनियरांचे नकाशे गिरवणारा ट्रेसर म्हणून लागलो, तिथून आजपर्यंत जे शिकलो ते बघून बघून. इथे कौन्सिलच्या गटारांचे नकाशे करतो, माझ्या रेषेला कुणी हात लावत नाही, पण मंडळात विचारतात, 'काय श्रीनाथराव, पाइप कसे आहेत?' मकरंद म्हणून पुण्याचा एक आयटीवाला आहे, कार्यक्रम तोच ठरवतो. त्यानं एकदा सहज विचारलं, ईशान्य सीमेवरच्या बदलत्या लोकसंख्येवर बोलायचंय, उपग्रहाच्या चित्रांतून काही दाखवता येईल का? मला. चारचौघांत. मी हो म्हटलं आणि तीन आठवडे जेवायलाही धड उठलो नाही. नदी निवडली ती तू तिथे आहेस म्हणून. तुझ्या बोलण्यातून बेटांची नावं माहीत होती, दुसऱ्या कुणाला ती सापडली नसती. हेही लिहून ठेवतो.

व्याख्यान संपल्यावर लोक उभे राहिले गं. टाळ्या थांबेनात. एका सर्जननं पाठीवर थाप मारली, म्हणाला, तुम्ही भल्याभल्या इंजिनियरांना मागे टाकलंत. मकरंदनं फाइल मागितली, मी जागच्या जागी दिली. नाव घालू का म्हणाला, तर मी ऐटीत म्हटलं, काम बोलू दे. ते फोनाफोनांतून कुठे कुठे गेलं, मला पत्ता नव्हता. तुझ्याकडच्या वर्तमानपत्रात आल्याचं मकरंदनंच कौतुकानं दाखवलं. मीही ते कापून, म्हणजे फोनमध्ये, जपून ठेवलं.

तिथली माणसं घाबरलेली नाहीत, किंवा सीमेवरून कुणीच येत नाही, असं मी म्हणत नाही. येतात. तुझ्याबरोबरची ती डोंगराकडची नर्स, जिचा भाऊ बंदूकवाल्यांबरोबर जंगलात गेलाय, तिचं म्हणणं तू मला सांगितलं होतंस. तिच्या आजीच्या काळी आठवडी बाजारात त्यांची भाषा चालायची, आता पाव किलो मिरची मागायलाही दुसऱ्याची भाषा लागते. त्या मुलीचं दुःख खोटं नाही. पण तिच्या भावाला कुणाचं तरी एक रोखलेलं बोट हवं होतं, 'हे बघ, हेच ते' म्हणणारं. ते बोट मी पुरवलं, आणि चुकीच्या माणसांकडे.

श्रिया सुटीत पामर्स्टन नॉर्थहून आली होती. ती तिथे नद्यांवरच अभ्यास करते, तुला ठाऊक आहे. भिंतीवर मी नकाशा फ्रेम करून लावला होता. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. कॉर्नफ्लेक्स खात बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, व्हाय डिड यू कट द रिव्हर देअर?" मी म्हटलं, तिथे धुकं होतं. ती म्हणाली, पण अशा नद्यांत बेट कधी एकटं बघायचं नसतं, आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात. तिनं ते सहज म्हटलं. जॅन्डल्स, म्हणजे इकडच्या सपाता, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीवर दूध आणायला निघूनही गेली. मी त्याच दिवशी वरचा भाग उघडून पाहिला. पाहताक्षणी कळलं. फ्रेम उतरवली आणि गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवली.

त्यानंतर पाच दिवसांनी तुझा निरोप आला, जोहराबाईंच्या दिराचा आणि नकाशाचा. म्हणजे तुला उत्तर दिलं तेव्हा मला चूक माहीत होती, वल्लरी. अंदाजानं नव्हे, कोपऱ्यासकट माहीत होती. माहीत असून मी 'बरोबर आहे' लिहिलं. का, ते किती वेळा स्वतःला विचारलं. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो हॉलचा. ते सगळे आता काय म्हणतील, की शेवटी ट्रेसर तो ट्रेसरच. एक माणूस गेला आणि मला हे सुचलं.

तुझं 'बरं' आल्यावर मी मकरंदला फोन केला. म्हटलं, चूक आहे, जिथे जिथे पाठवलंस तिथे दुरुस्ती पाठव. तो म्हणाला, अहो, एका बेटानं काय फरक पडतो, मोठं चित्र बघा. मी म्हटलं, मोठं चित्रच तर मी कापलंय. मग त्याचा आवाज बदलला. म्हणाला, म्हणूनच अशी कामं आधी एखाद्या क्वालिफाइड माणसाकडून तपासून घ्यायची असतात. आणि वर, इथल्या लोकांसारखं 'स्वीट ॲज', म्हणजे ठीक आहे, बघतो काय करता येतं ते. काही करणार नाही तो. मला राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. त्यानं फाइल पुढे ढकलली; केली मी होती.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण आहे. त्याची शेपटी माशासारखी दुभंगलेली आहे. तसा बाण मी सांगलीत होतो तेव्हापासून काढतो. तुझ्या भूगोलाच्या वहीत सगळे बाण मीच काढून द्यायचो आणि बाई तुला रागवायच्या, हे काय मासे काढलेस म्हणून. तुला तो दिसला नसेल? की दिसला, आणि म्हणूनच तू विचारलंस, 'कुणी केलाय हे कळतं का बघ'? तू मला दार उघडून दिलंस आणि मी ते आतून लावून घेतलं, असं तर नाही ना झालं? याचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मला ते कळलेलं सोसेल असं वाटत नाही.

मी येतोय. तिकीट काढलंय, सुनावणीच्या चार दिवस आधी पोचेन. चित्रं वकिलांनी नुसती दाखवली तर समोरचे म्हणतील, हे आता बनवून आणलं. करणाऱ्यानंच उभं राहून म्हणायला हवं, की हा नकाशा माझा आहे आणि तो चुकीचा आहे. पण मी नाव सांगितलं की आडनाव आलं, आणि तुझं तेच आहे. डोंगरातल्या पोरांना कळेल की मागे हटणारा त्या बोटीवरच्या नर्सचा भाऊ आहे. चरावरच्या लोकांना कळेल की ज्यानं हे केलं तोही तिचाच भाऊ. पुढच्या बुधवारी तुझ्या बोटीवर कुणी चढेल की नाही, मला माहीत नाही. काही दिवस तिथून निघून जा, असं सांगायचा हक्क मी घालवलाय, आणि तू ऐकणारही नाहीस. तिथे भरल्या खोलीत माझ्या तोंडून ऐकण्याआधी तुला एकटीला कळावं, तुला काय करायचं ते ठरवायला अवधी मिळावा, म्हणून हे पत्र. जोहराबाईंना आधी तू सांगायचं की मी, ते तू ठरव. त्यांनी बोलावलं तरच मी त्यांच्यासमोर येईन. घ्यायला येऊ नकोस. तुझ्याकडे उतरू की गावातल्या लॉजवर, तेवढं कळव. लॉज म्हणालीस तर वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होतो, पण या पत्रात आणखी एक खोटं नको. वाईट वाटेल. तरी लॉजवर उतरेन.

तुझाच,
दादा