एकाच कोटातली सेहेचाळीस माणसं

३ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी व्हायचं तेच झालं! हिशेबनिसांची फाइल मी त्यांच्याच अंगकाठीच्या भलत्याच माणसाला दिली. तोही शहाणा, घेऊन गेला! नवे साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "बाई, चेहरा बघून फाइल द्यायची, एवढंच तर काम आहे तुमचं."

एवढंच तर! रेकॉर्ड रूमच्या खिडकीत बावीस वर्षं तेच करतेय.

४ फेब्रुवारी

साहेबांनी शिक्षा काढली - खेळ! कॉम्प्युटरवर उघडायचा. एक फोटो येतो, खाली चार नावं, बरोबर नावावर टिचकी मारायची. ऑफिसातली सेहेचाळीस माणसं. सत्तावीस तारखेला त्यांच्यासमोर खेळायचं, चाळीस बरोबर यायला हवीत. नाहीतर खिडकीत दुसरं कुणीतरी बसणार. "खेळच आहे हो," म्हणाले. मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो.

इथे लिहूनच टाकते, कोण वाचतंय! मला चेहरे दिसत नाहीत. वर्ष झालं. केस दिसतात, कान दिसतात, खांदे दिसतात. मधे नाक-डोळ्यांच्या जागी कुणी ओलं बोट फिरवल्यासारखं. नावं मोठी करून कशीबशी वाचते. ही वहीसुद्धा जाड पेनाने लिहितेय, पानावर सात ओळी मावतात. खिडकीत येणाऱ्यांना मी आवाजावरून ओळखते, चालीवरून ओळखते. काल तो मेला बोललाच नाही.

लेकीला यातलं काही माहीत नाही. यंदा तिची शाळा संपतेय, पुढे कॉलेज. घरात कमावणारी मी एकटी.

५ फेब्रुवारी

सेहेचाळीसपैकी नऊ.

६ फेब्रुवारी

अकरा. त्यातली निम्मी अंदाजपंचे.

१० फेब्रुवारी

सापडलं! सापडलं!

ऑफिसच्या ओळखपत्रांचे हे फोटो काढायला आला होता त्या माणसाने एकच कोट आणला होता. निळा. सगळ्यांना आळीपाळीने तोच चढवायला लावला, साहेबांपासून झाडूवालीपर्यंत. मी विसरलेच होते! चेहरा हवाय कुणाला? बटणाशी कापड ताणलंय - हिशेबनीस. खांदे ओघळून गेलेत - टपाल बघणारी, काडी आहे ती. कॉलर आत दुमडलेली - वकीलसाहेब, यांना कायम घाई. एक खांदा वर - वसुलीवाली, पर्स काखेत घट्ट धरून उभी राहिली असणार! बत्तीस बरोबर आली. एकटीच हसत बसले.

लबाडी आहे, कळतंय मला. खिडकीत कुणी तो कोट घालून येणार नाहीये. पण आधी सत्तावीस तारीख तर जाऊ दे.

१७ फेब्रुवारी

त्रेचाळीस! येताना लेकीसाठी नव्या चपला घेतल्या. "आज काय विशेष?" म्हणाली. म्हटलं, आईला खेळात नंबर मिळाला.

२० फेब्रुवारी

खेळ बदलला. कुणीतरी कुरकुर केली म्हणे, सगळे एका शाळेतल्या पोरांसारखे दिसतात. आता गोल चौकट, त्यात नुसता चेहरा. कान पण कापलेत.

सात.

२३ फेब्रुवारी

टायपिस्टबाई माझी इतक्या वर्षांची मैत्रीण. आज फणकारली - "काय गं, जिन्यात समोरासमोर आलो, ओळखसुद्धा दाखवली नाहीस! मोठी झालीस वाटतं." घाईत होते म्हटलं. पटलं नाही तिला. बायकांत बोलतात, हिला शिष्टपणा आलाय. येऊ दे. आंधळी म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट बरी.

घरी येऊन फार रडले.

२५ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, मधली नजर जातेय, कडेची राहील. चष्म्याने भागणार नाही. ऑपरेशन नाही. औषध? नुसतीच मान हलवली असावी, मला काय दिसणार! मग विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला?"

आमच्या वडिलांना, बापूंना असणार. बोलताना ते समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघायचे. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आठ.

साहेबांनी पुन्हा खेळायला सांगितलं. सहा. म्हणाले, "सोमवारपासून खिडकीत टपालवाल्या बाई बसतील. तुमचं बघू." या ऑफिसातल्या "बघू"चा अर्थ मला सांगायला नको. किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि निघाले. टायपिस्टबाईने हाक मारली, मी थांबले नाही.

२८ फेब्रुवारी

लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं. कडेचं दिसतं, मधलं पुसट. नोकरीचंही सांगितलं. वाटलं, रडेल, चिडेल, का लपवलंस म्हणेल.

ती म्हणाली, "आई, म्हणजे बाकीच्यांना मधलंही दिसतं?"