घोडदळाचा नियम

रविवार, अण्णा नगर. संध्याकाळचे सात.

सकाळी खालच्या मजल्यावरचे रावकाका दारात आले, तेव्हा मी स्वतः रचत असलेल्या जिंजीच्या वेढ्याच्या पटावरच्या खेळातला घोडदळाचा नियम खोडत बसलो होतो.

"तंबी, झाला का तुझा खेळ? आज एक डाव टाकू. किल्ला मी राखतो."

मला धाकट्या भावासारखं तंबी म्हणतात आणि वर्षभर दर रविवारी हेच विचारतात. मी म्हणालो, "संध्याकाळी नक्की, काका. फक्त घोडदळ राहिलंय." त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एरवी रविवारी बनियन आणि कमरेला गुंडाळलेली वेष्टी. दिसलं मला, पण विचारलं नाही.

मग दिवसभर काय केलं? शब्दकोडं, दोन सुडोकू, बासरीची एकच रेकॉर्ड तीनदा. नियमाला लागली दहा मिनिटं, तीही चारनंतर.

पाचला खेळाचा नकाशा गुंडाळून खाली गेलो. कुलूप. वॉचमन म्हणाला, काकांना त्यांची लेक दुपारी कोइमतूरला घेऊन गेली, आता तिकडेच राहणार. सकाळी तेच सांगायला आले असतील. सांगण्याआधी एक डाव खेळायचा असेल.

तो इस्त्रीचा शर्ट! कसं विचारलं नाही मी?

आता टेबलावर खेळ मांडलाय. दोन्ही बाजूंनी मीच खेळतोय. किल्ला काही मला पाडवेना.