मागच्या आठवड्याचे पाच शब्द

प्रिय आई, तुला आणि बाबांना वाकून नमस्कार.

शिडीवरून पडून डोक्याला मार लागला, त्यावरच्या नव्या गोळीच्या चाचणीत मला घेतलंय. काळजी नको. उजेड अजून टोचतो, म्हणून अक्षर वाकडं. तुझा गुडघा कसा आहे?

नर्सबाई पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने विचारतात. मागच्या आठवड्यात मला एकही आठवला नव्हता. आज पाचही धडाधड म्हटले. बाई ओरडल्या, "अगं, हे तर मागच्या आठवड्याचे!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. आजचे तीनच आठवले, असू दे.

चाचणीत काहींना खरी गोळी देतात, काहींना नुसती साखरेची; माझी कोणती, हे डॉक्टरांनाही अजून ठाऊक नाही. 'हिच्या डोक्यात कांदेबटाटे भरलेत' म्हणणाऱ्या बाबांना सांग, साखरेची निघाली तर सगळी करामत त्या कांदेबटाट्यांचीच!

तुझी,
शिडीवाली लेक