पाण्याची पाळी

५ ऑगस्ट २००८
झारेमानं पाणी पुन्हा उशिरा सोडलं! विहीण झाली म्हणून काय — पाट तिच्या बापाचा? वरचं गाव ओसेत्यांचं, खालचं आम्हा जॉर्जियनांचं, पाट एकच. तिची पाळी संपली की तिनं पाण्यात एक सफरचंद सोडायचं. ते इथं पोचलं की पाणी माझं. आज आलं दुपारी दोनला. तेही किडकं. मुद्दाम!

माझी लेक मकवाला झारेमाच्याच घरात सून. दिवस भरलेत. फोनवर म्हणते, "आई, सासूबाईंचे गुडघे धरलेत गं." म्हटलं, जीभ नाही ना धरली?

८ ऑगस्ट
पहाटेपासून तोफा. लढाई लागली. वरच्या गावावर पडतायत ते गोळे आपलेच. फोन लागत नाही. पाणीही नाही.

१० ऑगस्ट
शेजारी कोंबड्या गाडीत कोंबून गोरी शहराकडे पळाले. नवरा म्हणाला, "चल अगं, इथं मरायचंय का?" म्हटलं, "तू जा ओतार. मला पाट बघायचाय."
"कोरड्या पाटात काय बघणार?"
गेला नाही तोही. टोपी घालून दाराशी बसलाय.

१३ ऑगस्ट
रशियन रणगाडे गेले. वळताना आमचं कुंपण पाडलं. एका शिपायानं पाणी मागितलं. विहिरीचं दिलं. विचारलं, "पाटाचं कुठं अडवलंत?" त्याला कळलं नाही. रेडिओ म्हणतो लढाई थांबली. पाट कोरडाच.

१९ ऑगस्ट
पीच गळायला लागले. रोज सकाळी पाटाशी जाऊन येते. ओतार आता विचारत नाही.

२६ ऑगस्ट
रशियानं कागद केला — वरचा मुलूख म्हणे आता वेगळा देश. बरं.
ओतार म्हणाला, "म्हणजे लेकीकडे जायला पासपोर्ट?"
"लेक आहे का, ते आधी कळू दे." बोलून गेले. त्यानं टोपी काढली आणि मांडीवर धरून बसला. घेवडा शिजवला होता, तसाच राहिला.

२८ ऑगस्ट
पाणी आलं! गढूळ, पाल्यापाचोळ्यासकट. त्यात सफरचंदं — दोन! म्हटलं, बाई मोजायला विसरली. उचलली तर दोन्ही लाल लोकरीनं एकमेकांना बांधलेली. एक मोठं. एक अक्रोडाएवढं. किडकं एकही नाही.

तशीच ओल्या पायांनी दारात आले. ओतारच्या हातात दिली. बघत राहिला. "मायलेकरं दोघंही?" म्हणाला. म्हटलं, मग काय मुरंबा करायला पाठवलीत?

"उत्तर कसं द्यायचं गं?"

पाणी काही वर चढत नाही. फोन लागेल कधीतरी. त्याला बजावलंय — वाजला की हात लावायचा नाही. मी उचलणार. आणि लेकीच्याही आधी झारेमा बोलेल. वीस दिवस पाणी अडलं, त्याचा जाब तिनंच द्यायचा.