विल्फचे दोन महिने

प्रिय विल्फ,

गेले नऊ दिवस मी कचेरीत चहाशिवाय बसले आहे, आणि या अन्यायाची नोंद कुठेतरी व्हावी एवढ्यासाठी तरी हे पत्र लिहायलाच हवं होतं. एक एप्रिलला आमची जुनी काउंटी मोडली, नवी आली, आणि नव्या साहेबांना आमची इमारत पसंत पडली नाही. सामान बांधायला थ्वेट नावाचा एक कारकून पाठवला. या सद्गृहस्थानं माझी किटली एका खोक्यात भरली, यादीत तिच्यापुढे ‘मानसशास्त्रीय उपकरण’ असं लिहिलं, आणि मग ती यादीच दुसऱ्या खोक्यात भरून टाकली. खोकी एकूण एकेचाळीस. मी म्हटलं, “थ्वेट, किटलीनं मी पोरांचं काय मोजते असं वाटलं तुम्हाला?” तर शांतपणे म्हणाला, “बाई, तुमच्या खोलीतल्या कुठल्याच वस्तूनं काय मोजतात ते मला कळलेलं नाही.” सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या धंद्याबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. तेव्हापासून रोज दुपारी मी एक-दोन खोकी उचकटते.

रविवारी तुझ्याकडे मी जेवताना गप्प होते, ते ब्रेंडाचं पुडिंग नीट फुगलं नव्हतं म्हणून नव्हे. तिला तसं सांग, नाहीतर ती वर्षभर मनात ठेवेल. मी गप्प झाले ते तुझ्या जिलनं तो कागद तुझ्या ताटाशी सरकवला तेव्हा. ग्रामर स्कूलच्या, त्या निवडक हुशार पोरांच्या शाळेच्या, परीक्षेला नाव घालायचा अर्ज, पालकांची सही हवी, शुक्रवारपर्यंत. तू तो मोहरीच्या बरणीखाली ढकललास आणि म्हणालास, “कशाला पोरीला उगाच टांगायचं? आपण एकोणनव्वद बुद्धीची माणसं. आमच्या एनिडनंच मोजलंय, विचार तिला.” सगळे हसले. जिलही हसली, पण जरा उशिरा. ते उशिरा हसणं मी ओळखते. प्रश्न कळला नाही की पोरं माझ्यासमोर तशीच हसतात. फरक इतकाच, की जिलला सगळं कळलं होतं.

तुला तो दिवस आठवतो का? मार्च अठ्ठेचाळीस. मी बावीस वर्षांची, शिकाऊ, आणि स्वतःला शहाणपणाची सोल एजंट समजणारी. सरावासाठी पंधरा मुलांची बुद्धी तपासून कागद द्यायचे होते. माझी चौदा झाली होती. नात्यातलं मूल घ्यायचं नाही असा नियम होता. तुला घेतलं. आईनं पिठाची परात बाजूला सरकवली आणि तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलास, गुडघे खरचटलेले, खिशात काहीतरी जिवंत. बहुधा बेडूक. उत्तर बरोबर की चूक ते मुलाला कधीच सांगायचं नाही, हा आमचा दुसरा नियम. आवाजातसुद्धा कळू द्यायचं नाही. तू दर उत्तरानंतर विचारायचास, “बरोबर का गं?” मी म्हणायची, “छान. पुढे.” शेवटी वैतागलास. “छान म्हणजे बरोबर का?” “छान म्हणजे पुढे.” “मग पुढे म्हण ना सरळ, छान कशाला?”

त्यातच तो चेंडूचा प्रश्न आला. कागदावर एक वाटोळं मैदान, एका बाजूला फाटकाची फट. या मैदानात तुझा चेंडू हरवलाय, तो शोधायला कसा कसा फिरशील ते पेन्सिलीनं दाखव. हुशार मूल सगळं मैदान पिंजून काढतं. नांगराच्या तासांसारख्या रेघा, नाहीतर गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं. तू फाटकातून एक सरळ रेघ मारलीस आणि पेन्सिल परत केलीस. नियमाप्रमाणे मी एकदाच विचारलं, “आणखी काही?” तू माझ्याकडे असं बघितलंस, की तपासणी माझीच चालली असावी. “अख्खं मैदान कशाला तुडवू? लाथ मीच मारली होती ना? कुठे गेला ते बघितलंय मी. बरोबर का गं?” मी गुणांच्या पुस्तकात बघितलं. सरळ रेघेला शून्य. “छान,” मी म्हटलं. “पुढे.”

नियम मोडणं इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्या रविवारी जेवताना मी तुझा आकडा सांगून टाकला, कारण बाबांनी विचारलं, आणि मला त्यांच्यापुढे मिरवायचं होतं. बाबा जन्मभर गिरणीत मागांवर देखरेख करत आले. सुताचा नंबर आणि बुद्धीचा नंबर त्यांना सारखेच पक्के. “एकोणनव्वद. म्हणजे हातांचं काम,” ते म्हणाले, आणि पुन्हा रस्सा वाढून घेतला. मंगळवारची तुझी शिकवणी बंद झाली. त्या वेळात तू त्यांच्याबरोबर मळ्याच्या तुकड्यावर लीकची भाजी लावायला जाऊ लागलास. दोन वर्षांनी ग्रामर स्कूलच्या परीक्षेच्या दिवशी तू निम्म्या वेळातच उठून घरी आलास. आई घाबरली. तू म्हणालास, “एकोणनव्वदला एवढं पुरे.” तेव्हाही सगळे हसले होते. मीही. सगळ्यांच्या आधी.

परवा बाराव्या खोक्यात किटली नव्हती. तुझा कागद होता.

आमचं गणित असं, विल्फ: मुलाच्या बुद्धीचं वय उत्तरांवरून काढायचं, त्याला त्याच्या खऱ्या वयानं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. बुद्धीचं वय तुझं भरलं साडेनऊ वर्षं. ते बरोबर आहे, तीनदा मोजलं. खरं वय काढायला तपासणीच्या तारखेतून जन्मतारीख वजा करायची. अठ्ठेचाळीसच्या मार्चची सुरुवात वजा अडतीसच्या नोव्हेंबरची अखेर. तिसऱ्या महिन्यातून अकरावा जात नाही. वर्षांतून बारा महिने काढून आणायला हवेत. मी ते आणले नाहीत. अकरातून तीन गेले, उरले आठ, असं उलटं मांडून मोकळी झाले. तू होतास सव्वानऊ वर्षांचा, आणि मी तुला भागलं दहा वर्षं आठ महिन्यांनी. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी घोडचूक. गेली वीस वर्षं मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी तीच सांगते: तारीख दोनदा तपासा, एका शिकाऊ मुलीनं एकदा अमुक केलं होतं, वगैरे. ती मुलगी मी नेहमी मनानं रचलेली असायची. निदान मला तसं वाटायचं.

तुझा आकडा एकशे तीन होता.

हुरळून जाऊ नकोस. एकशे तीन म्हणजे चारचौघांसारखा, वर चिमूटभर मीठ. बसडेपोत तू डोळे मिटून इंजिन ऐकतोस आणि कुठला नट ढिला आहे ते सांगतोस, त्याचं माप माझ्या एकेचाळीस खोक्यांत नाही. आणि परीक्षेचं म्हणशील, तर ती काही देवाचा कौल नव्हे. निम्मे नगरसेवक ती बंद करायला निघालेत, उरलेल्या निम्म्यांना ती कशाची आहे तेच ठाऊक नाही. जिलनं ती द्यावीच असं मी म्हणत नाही. तिला विचार. ती नको म्हणाली तर कागद खुशाल चुलीत घाल. पण माझ्या वजाबाकीवर त्या पोरीचं काही ठरवू नकोस. आणि मला तिला तपासायला सांगू नकोस. नात्यातलं मूल घ्यायचं नाही, हा नियम मी आता पाळते.

सोबत तुझा कागद पाठवते आहे, शुक्रवारच्या आत पोचावा म्हणून आजच. वय लाल पेन्सिलीनं दुरुस्त केलं आहे. शेवटच्या पानावर तुझी ती रेघ अजून आहे, फाटकापासून सरळ, कुठेही न अडखळलेली. तो प्रश्न बुद्धीच्या वयातल्या दोन महिन्यांचा होता. पुस्तक त्याला आजही शून्यच देतं. मी शून्य खोडलं, दोन महिने लिहिले, बाजूला सही करून आजची तारीख घातली. तारीख दोनदा तपासली. त्यानं तुझे एकशे पाच होतात. तू तेव्हा मला काहीतरी विचारलं होतंस, आणि मी “छान, पुढे” म्हटलं होतं. बरोबर होतं, विल्फ.

तुझीच,
एनिड